कोयामांच्या हरवल्या रेघेची हकीकत

प्रारंभी चाकास नमन, जे फिरते आणि थांबत नाही. मग साखळीस नमन, जी ओढते आणि बोलत नाही. आणि मग खासा मालकीणबाई किनुए कोयामा यांस नमन, ज्या थांबतही नाहीत आणि बोलायच्याही राहत नाहीत. हल्लीचे बादशहाचे रेइवा शकाचे पाचवे साली शरद ऋतूत साकाई मुक्कामी जे वर्तमान जाहले ते जाहले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले ते थोडके. काही मजकूर मालकीणबाईंचे हुकुमाने गाळला होता, तो मग त्यांचेच हुकुमाने पुन्हा घातला, कारण गाळलेले शोधून वाचण्याची लोकांस खोड असते ऐसे त्यांचे मत पडले.

साकाई हे पूर्वी बंदुका करणारांचे गाव. लढाया सरल्या आणि नळी वळवणारे हात रिकामे जाहले, आणि मग त्याच हातांनी सायकलीच्या नळ्या झाळावयास घेतल्या. त्या कसबाचे कैलासवासी तोकुजी कोयामा यांनी शर्यतीचे सायकलीची दौलत उभी केली. ह्या सायकलीस ब्रेक नाही, गिअर नाही, घंटी नाही. मागले चाक आणि पेडल यांची ब्रह्मगाठ. चाक फिरते तोवर पाय फिरलाच पाहिजे, आणि स्वार म्हणाला मी दमलो तर सायकल म्हणते तो तुझा प्रश्न. ऐशा सायकलींवर नऊ नऊ स्वार नऊ रंगांचे अंगरखे घालून बशीसारख्या कलत्या धावपट्टीवर एकमेकांस कोपरे मारीत धावतात, आणि त्यांतले मातबर स्वार कोयामांची सायकल मागून घेत. "तिखट आहे का एखादी?" ऐसे विचारीत कारखान्यात येत. मालकीणबाई हे ऐकत आणि मनात फुगत, कारण त्यांची जीभ साऱ्या पेठेत तिखट म्हणून मशहूर, आणि सायकलीस आपले जिभेवरून किताब मिळाला हा त्यांचा पक्का समज.

त्या समजास दुसरेही कारण होते. पहिली सायकल तयार जाहली तेव्हा तोकुजींचा उजवा हात भाजलेला होता, आणि नळीवर घराण्याचे नाव लिहावयास कोणी नव्हते, आणि मग नव्या नवरीने कुंचला हाती घेतला. वय सव्वीस. माहेर वाकायामाच्या डोंगरात, घरी कोळसा पाडण्याचा धंदा, पाठीवर चार भावंडे. शाळेत नाव होते, बाई शाळेत नव्हत्या. तरी एका दमात नाव लिहिले. तोकुजींनी ते बराच वेळ पाहिले आणि "छान आहे" ऐसे म्हणाले. मग त्याचेच छाप निघाले आणि पुढे बावन्न वर्षे प्रत्येक सायकलीचे खालचे नळीवर तेच नाव डकवले गेले. त्या "छान आहे"चा अर्थ पुढे येईल. बाईंस तो कळावयास बावन्न वर्षे लागली, वाचणारांनी दोन पाने धीर धरावा.

नऊ वर्षांमागे तोकुजी निवर्तले. दौलतीचा भार पुत्र शिगेओ यांजवर आला. हे झाळकामात बापाचे तोलाचे आणि बोलण्यात बापाहून कमी. पत्रव्यवहार सूनबाई चिहारु यांजकडे. सल्लामसलतीस दोबाशी, जुने शर्यतबाज, वय सत्तर, तीनदा गळ्याचे हाड मोडलेले, तोकुजींचे जिवलग आणि मालकीणबाईंस वहिनी म्हणणारे. बाकी हुकूम मालकीणबाईंचा.

ऐसे चालले असता नवव्या महिन्यात टोकियोहून खलिता आला. चिहारुंनी तो संगणकावरून उतरवून भर कारखान्यात वाचून दाखवला. लिहिणार ते आओयामा पेठेतील नामांकित वस्त्रकार रेओन आसाहिना, ज्यांचे दुकानाचे नाव 'कराप्पो', म्हणजे रिकामे, आणि दुकानही नावासारखेच, भल्या थोरल्या दालनात तीन सदरे टांगलेले. त्यांची विनंती ऐसी की कोयामांनी आणि कराप्पोने जोडीने बारा सायकली कराव्या, आणि त्यांबरोबर तीनशे जॅकेटे निघावी, आणि ही जोडी टोकियोत आणि मग पॅरिसात मिरवावी.

तेव्हा मसलत बसली.

"सायकलीवर शिंप्याचं नाव?" मालकीणबाई म्हणाल्या. "दाराच्या चौकटीवर कोणी न्हाव्याचं नाव कोरतं का?"

"शिंपी नाहीत हो आई, डिझायनर आहेत."

"शिवतो ना?"

"शिवून घेतात."

"म्हणजे शिंप्याहून कमी."

दोबाशींनी अनुभवाचे बोल ऐकवले. "वहिनी, मागे एका बड्या कपडेवाल्याने सीटला मगरीचं कातडं लावलेलं. मी बसून पाहिली. पहिल्याच घामाला मगर पुन्हा जिवंत झाल्यागत वास सुटला."

"बघ! आणि अशी सायकल घेतात ते चालवतात का? भिंतीवर टांगतात. घोडा आणायचा, पेंढा भरायचा आणि पाहुण्यांना म्हणायचं, किती जोरात पळतो!"

चिहारुंनी माघार घेतली नाही. "आई, आपली सायकल शर्यतवाल्यांपलीकडे कुत्रं ओळखत नाही. यांच्यानंतर हे नाव कोण घेणार? एकदा तरी बाहेरच्यांनी बघू दे की."

"बाहेरच्यांनी बघून काय आरती ओवाळायचीय?"

शिगेओंनी झाळावयाची ज्योत पेटवली, म्हणजे त्यांचे मत संपले. मसलत मोडणार तोच चिहारुंनी खलित्याचे शेवटचे कलम वाचले, ते ऐसे: नळीवरील अक्षर ज्यांचे हातचे, त्या थोर कलावंताचे दर्शन व्हावे, येवढीच या सेवकाची मुख्य आस आहे.

मालकीणबाईंनी मान वर केली. मग केस सारखे केले. मग आज्ञा जाहली जे, माणूस दुरून येतो म्हणतो, त्यास नाही म्हणणे आपले घराण्याची रीत नव्हे, वांग्याचे लोणचे मुरत घालावे. येणेप्रमाणे बारा सायकलींचा किल्ला एका कलमाने पडला. स्तुतीपुढे ज्यांचे दरवाजे लागले ऐसे किल्ले थोडे, आणि कोयामांचा त्यांत नव्हता.

दहावे महिन्याचे प्रारंभी रेओन आसाहिना डेरेदाखल जाहले. वय अडतीस, अंगावर सारे काळे, एक बाही मनगटापर्यंत आणि दुसरी बोटांच्या खाली. मालकीणबाईंनी त्या दिवशी खासा पोशाख केला होता, म्हणजे बिबट्याचे कातड्याचे छापाचा सदरा, छातीवर खुद्द बिबट्याचे तोंड, डोळ्यांचे जागी चमकते खडे. ओसाकाकडील प्रौढ बायका ऐशाच सदऱ्यांत लढाईस निघतात. दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि एकमेकांचे कपडे न्याहाळीत उभ्या राहिल्या.

"बाळा, एक बाही राहिली का रे शिवायची?"

"नाही बाईसाहेब, ती तशीच आहे."

"मग दुसरी आखडली असेल. गरम पाण्यात टाकलीस?" आणि थैलीतून लिंबाची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली, कारण त्या मुलुखात बाईने गोळी दिली म्हणजे अभय दिले.

रेओन बिबट्याकडे पाहत होता. "हा सदरा कोणाचा, बाईसाहेब?"

"माझाच."

"नाही, म्हणजे, डिझायनर कोण?"

"बाजारातला आहे, बाळा. दोन घेतले की तिसरा फुकट."

त्याने वहीत ते लिहून घेतले. मग नजराणा दिला, खाजे-पेढ्यांची जात, डबा मोठा आणि आत जिन्नस चार. मग वांग्याचे लोणचे आणि सातूचा थंड चहा जाहला, आणि मग शिगेओंनी एक नवी सायकल, चाके न लावलेली, घडवंचीवर आणून ठेवली. रेओन तिजपुढे गुडघे टेकून बसला. नळीवरल्या नावावर नजर ठेवली आणि इतका वेळ बोलला नाही की दोबाशींस वाटले, मनुष्यास झोप लागली.

मग म्हणाला, "बाईसाहेब, एक विचारू? ही रेघ तुम्ही केव्हा काढून टाकलीत?"

येथे नावाचा उलगडा केला पाहिजे. कोयामा हे नाव दोन अक्षरांचे. पहिले अक्षर सुख, दुसरे डोंगर. मिळून सुखाचा डोंगर. परंतु त्या सुखाचे अक्षरात रेघा आठ, त्यांतली एक आडवी रेघ कमी पडली तर सुख जाते आणि तेच अक्षर दुःखाचे होते. तिखटाचेही अक्षर तेच, कारण त्या मुलुखात जीभ पोळली काय आणि काळीज पोळले काय, लिहिणारे एकाच अक्षरात भागवतात.

मालकीणबाईंच्या जिभेवर "कोणती रेघ?" ऐसे आले होते. ते दातांनी अडवले, आणि मोठ्या सेनापतीप्रमाणे म्हणाल्या, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, यापेक्षा धाडसी काम मी पाहिलेलं नाही. स्वतःच्या घराण्याच्या नावातलं सुख काढून टाकायचं! दुःखाचा डोंगर! तोही अशा सायकलीवर, जिच्यावर माणूस जीव जाईस्तोवर पाय मारतो. आम्ही पॅरिसात वर्षभर डोकं खाजवतो, तेव्हा एक बाही लांब करतो."

बाईंनी नजर फिरवली. शिगेओंच्या हातातली ज्योत विझली होती. चिहारु पेल्यात चहा ओतीत होत्या, पेला भरून चहा घडवंचीवर वाहत होता आणि त्या ओतीतच होत्या. दोबाशी छताचे पत्रे मोजीत होते. ही तीन तोंडे पाहून मालकीणबाईंस एका निमिषात उमगले की अक्षर चुकले आहे, आणि हे घरात सर्वांस ठाऊक आहे, आणि एकट्या मालकिणीस ठाऊक नाही.

पण ह्या बाईंनी मैदानात कधी पाठ दाखवली नव्हती. "काढली," म्हणाल्या. "शर्यतीची सायकल आहे. जास्तीचं वजन आम्ही ठेवत नाही."

रेओनने कपाळ फरशीस टेकले. मग सद्गदित होऊन निश्चय सांगितला की हेच अक्षर, हातभर उंचीचे, तीनशे जॅकेटांचे पाठीवर उमटवावे, आणि आओयामाच्या दुकानावर दोन मजली निशाण करून सोडावे, आणि खाली लिहावे, किनुए कोयामा यांचे दस्तुरखुद्द.

पाहुणे गेले. दुसरे दिवशी सकाळी मालकीणबाई बादली आणि घासणी घेऊन एकट्याच निघाल्या आणि टेकडीवरले स्मशानात तोकुजींचे दगडापाशी गेल्या. बाईंस अक्षरे थोडी येत, आणि ती दोन्ही अक्षरे आजवर एकच वाटत, जशा लांबून दोघी जावा. बाकी दस्तऐवजांवर त्या शिक्का मारीत, आणि शिक्क्यातली अक्षरे ऐसी वळणदार की त्यांतल्या रेघा ब्रह्मदेवासही मोजता येऊ नयेत. दगडावर मात्र नाव सरळ कोरलेले होते. नऊ वर्षे दर सणास त्यांनी ते स्वहस्ते धुतले होते. आज पहिल्या अक्षरावर बोट ठेवून रेघा मोजल्या. सात जाहल्या, आणि मग आणखी एक निघाली. पुन्हा मोजले. आठच. पलीकडले बाजूस त्यांचे स्वतःचे नाव आधीच कोरून तांबड्या रंगाने भरून ठेवलेले होते, जित्या माणसाचे भरतात तैसे. त्याही नावाचे डोक्यावर तेच आठ रेघांचे अक्षर.

"अहो," मालकीणबाई दगडास म्हणाल्या, "सांगायचं नाही होय?"

दगड तोकुजींचे स्वभावाचाच होता.

"छान आहे म्हणे! बावन्न वर्षं मला दुःख लिहायला लावलंत, आणि वर चहा मागत होतात!" आणि बादलीभर पाणी दगडावर असे फेकले की शेजारच्या दोन घराण्यांचेही स्नान उरकले.

मग तेथेच पायरीवर बसून मोहिमेचा विचार केला. गप्प राहावे तर आपली चूक दोन मजल्यांची होऊन टोकियोत फडकणार, आणि आपण खोटेपणाने थोर कलावंत होणार. अडवावे तर कारण सांगावे लागणार, आणि ज्या किनुए कोयामांनी आजवर टपालवाल्यास, मासेवाल्यास, नगरपालिकेचे कारकुनास आणि दोन व्याह्यांस त्यांच्या चुका भर रस्त्यात दाखवल्या, त्यांस स्वतःचे नाव लिहिता येत नाही हे साकाईस कळणार. एकीकडे आड आणि एकीकडे विहीर, आणि दोन्हींत पाणी आपलेच. तेव्हा पूर्वीचे मुत्सद्दी जे करीत ते त्यांनी केले. शत्रूस पळवून लावण्याची युक्ती योजिली.

चिहारुंकरवी टोकियोस पत्र रवाना जाहले, ज्यात एकच अट: ज्याला चढता येत नाही त्याने डोंगर विकू नये, सबब रेओन आसाहिना यांनी कोयामांचे सायकलीवर धावपट्टीच्या फेऱ्या माराव्या, मग पुढील बोलणे. बाईंचा होरा ऐसा की लांब बाहीचा मनुष्य हे वाचून अंथरूण धरील. परंतु तिसरे दिवशी उत्तर आले की येतो.

कावाचीनागानोचे डोंगरात सरावाची धावपट्टी आहे, तेथे दोन्ही पक्ष मिळाले. आभाळ निरभ्र, वारा थोडा. रेओनचे डोक्यास शिरस्त्राण आणि अंगास पांढरा घट्ट पोशाख, दोन्ही बाह्या सारख्या. दोबाशींनी सायकल धरली, त्यास वर चढवला, पाय पट्ट्यांत आवळले, आणि कानात मंत्र दिला की काही जाहले तरी पाय थांबवू नये. मग पाठीस हात लावून सोडून दिला.

पहिली फेरी बरी गेली. दुसरीत रेओनने जरा विसावा घ्यावा म्हणून पाय थांबवले, आणि पेडलांनी त्यास ऐसी लाथ हाणली की तो सीटवरून वीतभर उडाला आणि देवाच्या कृपेने पुन्हा सीटवरच आला.

"थांबवायचं कसं?" तो ओरडला.

"थांबायचं नाही! मंद व्हायचं!" दोबाशी ओरडले.

"मंद कसं व्हायचं?"

"टोकियोत राहतोस आणि मंद व्हायला येत नाही?" मालकीणबाईंनी कठड्यावरून तोफ डागली आणि स्वतःच मनमुराद हसल्या. तिसऱ्या फेरीसही हसल्या. चौथ्या फेरीस त्यांनी चिहारुंस होरा पुसला की हा आता रडेल की पडेल. पाचव्या फेरीस तो रडला नाही. सातव्या फेरीस त्याचे तोंड पांढरे आणि ओठ निळे जाहले, पण तो पळवाट मागेना. खाली मान घालून पाय मारीत होता आणि कलत्या भिंतीवर हळूहळू वर चढत होता. तेव्हा मालकीणबाईंचे हसू केव्हा थांबले ते त्यांसही कळले नाही. अकरावे फेरीस वेग मोडला, आणि दोबाशींनी सोबत धावत जाऊन सीट धरली, आणि शिगेओंनी पट्ट्या सोडवल्या, आणि मग वस्त्रकारास पोत्यासारखा उतरवून हिरवळीवर ठेवला.

तो आभाळाकडे पाहत पडला. मग त्याच्या तोंडातून एकच शब्द निघाला. "त्सुराई."

त्सुराई म्हणजे सोसवत नाही, जीव जातो. आणि तो शब्द लिहावयाचा तर नळीवरले तेच अक्षर लिहावे लागते.

"बाईसाहेब," तो धापा टाकीत म्हणाला, "आता मला वाचता आलं. तुम्ही एकट्याच खरं बोललात. सगळे कंपनीवाले नळीवर विजय लिहितात, वीज लिहितात, गरुड लिहितात. तुम्ही खोटं लिहिलं नाहीत. बावन्न वर्षांत एकदाही खोटं नाही!"

हे "खोटं नाही" मालकीणबाईंच्या बरगडीत सुरीसारखे शिरले. अट घालून शत्रूस पळवावयास गेल्या, तो शत्रू अकरा फेऱ्या मारून पायाशी पडून त्यांस खरे म्हणत होता. ऐशा मनुष्याशी पुढे लढणे हे त्यांचे रक्तात नव्हते.

"गप रे," त्या म्हणाल्या. "मला ते अक्षर येत नव्हतं."

रेओनने हिरवळीवरून मान उचलली.

"येतच नव्हतं. शाळेत गेले असते तर आलं असतं. रेघ काढली-बिढली नाही मी. ती मुळी घातलीच नव्हती."

तेव्हा कोयामांचे मंडळींनी आश्चर्य केले. ते कोणासही नीट जमले नाही. शिगेओ म्हणाले, "काय सांगतेस आई!", आणि ते वर्गात उभे राहून धडा वाचल्यासारखे म्हणाले. दोबाशींनी "अरेच्चा!" म्हटले, पण दोन श्वास उशिरा. चिहारुंनी तोंडावर हात ठेवला आणि त्यांचे खांदे हलत होते.

"पुरे झालं नाटक. सगळ्यांना ठाऊक होतं?"

"हो," शिगेओ म्हणाले.

"बावन्न वर्षं! एकालाही सांगावंसं वाटलं नाही?"

"तुला कोण सांगणार, आई?"

बाईंनी उत्तर देण्यास तोंड उघडले आणि पाहिले तो आत शब्द नाही. आयुष्यात पहिल्यानेच कोठार रिकामे निघाले.

"बाबा म्हणायचे," शिगेओ म्हणाले, आणि त्या दिवशीचे त्यांचे हे सर्वांत लांब भाषण, "ज्याला जीव जड झाला असेल त्याने सांगावं. आणि म्हणायचे, अक्षर चुकीचं आहे, पण इतक्या जोरात चुकीचं आहे की बरोबर लिहिलेलं त्याच्यापुढे मिळमिळीत दिसतं."

"आणि वहिनी," दोबाशी म्हणाले, "पोरांना तेच आवडतं. म्हणून तर मागतात. तिखट द्या, तिखट द्या."

"ते तिखट अक्षराला म्हणतात?"

"अक्षराला."

"मला नाही?"

दोबाशींनी शत्रूचे वेढ्यातून तीनदा गळ्याचे हाड मोडून वाट काढलेली होती. "तुम्हालाही, वहिनी," ते म्हणाले.

हिरवळीवरून क्षीण आवाज आला. "बाईसाहेब, मलापण शिवता येत नाही. बटणसुद्धा लावता येत नाही. आजवर कोणाला सांगितलेलं नाही."

"ते बाहीवरून कळलं होतं," मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्याच्या हातावर लिंबाची गोळी ठेवली.

मग तेथेच हिरवळीवर तह जाहला. जॅकेटांचे पाठीवर काही लिहू नये. दुकानाचे नाव रिकामे आहे तर पाठही रिकामी सोडावी. निशाण रद्द. शर्यतीचे स्वारांस जुने अक्षरच मिळेल, कारण दोबाशींनी निक्षून सांगितले की सुखावर बसून आजवर कोणी शर्यत जिंकलेला नाही. टोकियोचे बारा सायकलींवर मात्र नाव पुरे, सुखाचे अक्षर आठ रेघांचे, मालकीणबाईंनी पुन्हा स्वहस्ते लिहावे. कारण जे भिंतीवर टांगणार त्यांस दुःख कशास द्यावे. त्यांचे नशिबी सुखच आहे. रेओनने दुःखाचे अक्षराकरिता फार रदबदली केली, परंतु बाईंनी फर्मावले की तुला हवे तर एक सायकल जुन्या अक्षराची घेऊन जा, तू फेऱ्या मारल्या आहेस.

मग खरी कठीण मोहीम सुरू जाहली. वय अठ्ठ्याहत्तर, आणि आयुष्यात प्रथम शाळा. मालकीणबाईंनी चार आठवडे वर्तमानपत्रांचे रद्दीवर सुख लिहिले. कधी सात रेघा, कधी आठ, कधी आठ होऊनही ते अक्षर वाकलेल्या छत्रीसारखे दिसे. रद्दीत ज्या मोठमोठ्या कारभाऱ्यांची चित्रे होती त्या सर्वांचे तोंडावर सुख लिहून जाहले, आणि ते कोणासही शोभले नाही.

अकरावे महिन्याचे सतरावे दिवशी, शुक्रवारी, दोन प्रहरी, पहिली सायकल पांढरा रंग देऊन घडवंचीवर चढली. शिगेओ, चिहारु आणि दोबाशी हात बांधून उभे राहिले. मालकीणबाईंनी बिबट्याचा सदरा घातला, बाह्या सरसावल्या, कुंचला बुडवला, श्वास धरला आणि एका दमात लिहिले. मग मागे सरून पाहिले. अक्षर भरदार, मस्तक उंच, पाय घट्ट रोवलेले. बाईंनी मान डोलावली.

"कसं आहे?"

शिगेओंनी पाहिले आणि ज्योतीकडे वळले. दोबाशींनी पाहिले आणि "छान" येवढे म्हणावयास ओठ गोल केले. चिहारु वाकून पाहत होत्या. त्यांचे बोट हवेत हळूहळू खाली उतरत होते.

"आई."

"काय?"

"एक रेघ जास्त झाली."

शिगेओंनी गॅसची तोटी बंद केली. दोबाशी दाराकडे एक पाऊल सरले. मालकीणबाईंनी सुनेकडे पाहिले, आणि ज्या नजरेने नगरपालिकेचा कारकून रजेवर गेला होता तीच ती नजर होती. चिहारुंचा रंग उतरला, पण बोट उतरले नाही. ते नवव्या रेघेवरच होते.

मग मालकीणबाई वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला, बोट ठेवून मोजले. नऊ.

"थिनरचा बोळा दे," त्या म्हणाल्या. "आणि अशी लांब काय उभी राहतेस? इथे बस शेजारी. मी लिहिते, तू मोज. चुकलं की लगेच सांग, बावन्न वर्षं थांबू नकोस."

मग पुसले आणि पुन्हा लिहिले, आणि पुन्हा पुसले, आणि तिसऱ्याने लिहिले ते आठ रेघांचे उतरले.

येणेप्रमाणे रेइवा शकाचे पाचवे साली साकाई मुक्कामी चिहारु कोयामा यांनी मालकीणबाईंस तोंडावर चूक सांगितली आणि त्या जिवंत राहिल्या. ऐसा पराक्रम त्या दौलतीत बावन्न वर्षांत कोणा मर्दाचे हातून जाहला नव्हता. ही फत्ते कोणाचे नावे लिहावी ऐसे हुजुरांस पुसले असता, आपलेच नावे लिहावी, ऐसा मालकीणबाईंचा हुकूम जाहला. त्याप्रमाणे लिहिली असे.